चालता आले, पण सदऱ्याचे बटण?

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या माणसाला रुग्णालयातून घरी सोडतात तेव्हा घरच्यांचे लक्ष एकाच गोष्टीकडे असते. माणूस चालू लागला का? काठीच्या आधाराने का होईना, चार पावले टाकली की सगळ्यांच्या जिवात जीव येतो. खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. एका हाताने टूथपेस्टचे झाकण उघडत नाही. पायजम्याची नाडी बांधायला दोन हात लागतात. बादलीतून तांब्या भरून पाठीवर पाणी घेता येत नाही. उजवा हात लुळा पडला असेल तर डाव्या हाताने जेवायचा संकोच वाटतो आणि माणूस हळूहळू सगळ्यांबरोबर पानावर बसायचे टाळू लागतो.

मग घरचे पुढे होतात. सून घास भरवते, मुलगा अंघोळ घालतो, पत्नी सदऱ्याची बटणे लावून देते. त्यात माया असते, घाईही असते. काही महिन्यांनी पायांत बरीच ताकद आलेली असते, तपासणीचे अहवाल समाधानकारक असतात. पण सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचे एकही काम माणूस स्वतःचे स्वतः करत नसतो. ‘सुधारणा आहे’ असे डॉक्टर म्हणतात आणि ‘काहीच फरक नाही’ असे घरचे म्हणतात. दोघांचेही खरे असते.

आजार बरा होणे आणि आयुष्य पुन्हा सुरू होणे यांच्यामध्ये जे अंतर राहते, त्यावर काम करणारी एक स्वतंत्र उपचारशाखा आहे. तिचे नाव ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार. अनेक कुटुंबांना ती उशिरा कळते आणि काहींना कळतच नाही.

नावाचा घोटाळा

‘ऑक्युपेशन’ म्हटले की नोकरी डोळ्यांसमोर येते. ‘व्यवसायोपचार’ या मराठी शब्दानेही तोच गैरसमज होतो. येथे व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदा एवढेच नव्हे. माणूस दिवसभर ज्या ज्या कामांत गुंतलेला असतो ती सगळी कामे या शब्दात येतात. दात घासणे, कपडे घालणे, भाजी चिरणे, बसमध्ये चढून तिकीट काढणे, देवपूजा करणे, नातवाला शाळेत सोडणे, मित्रांबरोबर पत्ते खेळणे हे सारे त्यात आले. लहान मुलाचा ‘व्यवसाय’ म्हणजे खेळणे आणि शिकणे. आजार, अपघात, जन्मजात अडचण किंवा वाढते वय यांमुळे ही कामे अडली की ती पुन्हा कशी करता येतील, याचा शास्त्रशुद्ध विचार व्यवसायोपचारतज्ज्ञ करतो.

मग हे फिजिओथेरपीपेक्षा वेगळे कसे? फिजिओथेरपीत प्रामुख्याने स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, तोल, चालणे आणि वेदना यांवर काम होते. खांदा पूर्वी अजिबात हलत नव्हता, तो आता काटकोनापर्यंत उचलता येतो, ही मोठीच कमाई. पण मांडणीवरचा डबा काढायचा, झाकण उघडायचे आणि त्यातली साखर न सांडता चहात घालायची, तर नुसता खांदा पुरत नाही. त्याला बोटांची पकड लागते, नजरेचा अंदाज लागतो, लक्ष लागते, आधी काय आणि नंतर काय हे आठवावे लागते. ही सगळी साखळी कुठे तुटते आहे ते शोधणे आणि ती जोडणे हे व्यवसायोपचाराचे काम. दोन्ही शाखांचा काही भाग एकमेकांत मिसळतो. अनेक रुग्णांना दोन्हींची गरज असते आणि दोन्ही तज्ज्ञ एकमेकांशी बोलत असतील तर फायदा अधिक होतो.

साखळी जोडण्याचे तीन मार्ग असतात. माणसाची क्षमता वाढवायची, काम करण्याची रीत बदलायची किंवा वस्तू आणि जागा बदलायची. साडी नेसण्याचे उदाहरण घ्या. एका हातातली शक्ती गेलेल्या बाईला परकराची नाडी बांधता येत नाही. तिच्या बोटांच्या पकडीचा सराव घेता येईल. एका हाताने गाठ मारण्याची पद्धत शिकवता येईल. नाडीऐवजी इलॅस्टिकचा परकर किंवा आधीच निऱ्या शिवलेली साडी सुचवता येईल. यातले काय निवडायचे ते तीच ठरवते. काही जणींना शिवलेली साडी चालते, काही जणींना निऱ्या स्वतःच्या हातानेच घालायच्या असतात. तिला काय हवे आहे, हे विचारल्याशिवाय उपचार सुरूच होत नाही.

सुरुवात परळमध्ये

या शाखेची संघटित सुरुवात अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या काळात झाली. १९१७ मध्ये तेथे या क्षेत्रातल्या लोकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. भारतात तिचे मूळ मुंबईत आहे. मूळच्या अमेरिकन आणि विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या कमला निंबकर यांच्या पुढाकाराने परळच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये व्यवसायोपचाराचे प्रशिक्षण सुरू झाले. आशियातली ही या प्रकारची पहिली शाळा मानली जाते. १९५२ मध्ये या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारताचाही समावेश होता. पुढे नागपुरातही शिक्षणाची सोय झाली. फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा त्यांच्याच नावाने चालते.

इतका जुना वारसा महाराष्ट्राकडे असूनही या उपचाराची ओळख घरोघरी पोहोचली नाही. फिजिओथेरपीचा फलक आज तालुक्याच्या गावीही दिसतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ मात्र अजून बहुतांश मोठ्या शहरांतच आढळतात. त्यामुळे ‘अशी काही सोय असते’ हे रुग्णाला कुणीतरी सांगावे लागते, आणि सांगणारा भेटला नाही तर महत्त्वाचे महिने निघून जातात.

पहिल्या भेटीत काय होते?

पहिली भेट बऱ्याचदा गप्पांसारखी वाटते. ‘काय दुखते?’ याच्याबरोबरच ‘तुमचा दिवस कसा जातो?’ असे विचारले जाते. घर कितव्या मजल्यावर आहे, संडास भारतीय पद्धतीचा आहे की कमोड, अंघोळ बसून होते की उभ्याने, स्वयंपाक ओट्यावर होतो की खाली बसून, पूर्वी काय काम करत होता, आता कोणती गोष्ट स्वतःला करता आली तर सर्वांत बरे वाटेल, असे प्रश्न येतात. हे प्रश्न तपासणीचाच भाग असतात.

त्यानंतर तज्ज्ञ माणसाला काहीतरी प्रत्यक्ष करायला सांगतो आणि पाहत राहतो. सदरा घालून दाखवा. पाण्याचा पेला भरा. चहा करा. चहा करण्यासारख्या साध्या कामात किती पायऱ्या असतात, हे अशा वेळी कळते. पातेले शोधणे, मापाने पाणी घेणे, गॅस पेटवणे, साखर-पावडर घालणे, उकळी येईपर्यंत लक्ष ठेवणे, गॅस बंद करणे, गाळताना दुसऱ्या हाताने गाळणी धरणे. एखादा माणूस पातेले उचलू शकतो, पण गॅस बंद करायला विसरतो. दुसऱ्याला सगळे आठवते, पण गाळताना हात थरथरतो. दोघांनाही ‘चहा करता येत नाही’. दोघांचे उपचार मात्र वेगळे.

काही अडचणी घरच्यांच्या लक्षातच येत नाहीत. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली तर काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे ठीक असूनही ताटाच्या डाव्या अर्ध्या भागातले अन्न तसेच राहते, डाव्या गालाची दाढी राहते, दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आदळतो. घरच्यांना वाटते भाजी आवडली नाही, किंवा माणूस हट्ट करतो आहे. ही मेंदूची अडचण आहे हे कळले की ताट फिरवून ठेवणे, डावीकडे ठळक रंगाची खूण ठेवून नजर तिथपर्यंत नेण्याचा सराव करणे असे उपाय सुरू करता येतात. घरातली चिडचिडही कमी होते.

तपासणीनंतर उद्दिष्ट ठरते. ते जितके नेमके तितके चांगले. ‘हात सुधारायचा’ हे उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘सहा आठवड्यांत आजोबांनी सदऱ्याची सर्व बटणे बसल्या जागी स्वतः लावायची’ हे मोजता येते. त्यासाठी आधी मोठी बटणे, मग नेहमीची. आधी मांडीवर ठेवलेल्या सदऱ्यावर, मग अंगातल्या सदऱ्यावर असा चढत्या क्रमाने सराव दिला जातो.

युक्त्या साध्याच असतात, पण त्या माहीत असाव्या लागतात. सदरा घालताना दुबळा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा. ताटाखाली ओले फडके किंवा रबरी चटई ठेवली की एका हाताने जेवताना ताट सरकत नाही. पसरट ताटाऐवजी उभ्या काठाची थाळी घेतली की भात कडेला टेकवून उचलता येतो. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला की सैल पकडीतही टिकतो. न्हाणीघरात पक्के स्टूल ठेवले तर अंघोळीतली निम्मी भीती जाते. भिंतीला आधाराचा दांडा लावायचा तर तो माणसाचे वजन पेलणाराच हवा. टॉवेलच्या दांडीवर भार टाकून अनेक अपघात होतात.

‘राहू द्या, मी करते’

दुबळ्या हाताला काम न देणे हे वरवर दयाळूपणाचे वाटते. मेंदूच्या दृष्टीने त्याची किंमत मोजावी लागते. झटक्यानंतर सुरुवातीला तो हात साथ देत नाही. प्रत्येक प्रयत्न फसतो, वस्तू पडते, कुणीतरी ‘अहो, राहू द्या’ म्हणते. मेंदू त्या हातावाचून निभावून न्यायला शिकतो. पुढे हातात थोडी शक्ती परत आली तरी तो न वापरण्याची सवय कायम राहते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी या सवयीचा अभ्यास केला आणि त्यातून एक वेगळी उपचारपद्धती पुढे आली. चांगल्या हातावर जाड मोजा चढवून तो काही काळ बाजूला ठेवायचा आणि दुबळ्या हाताकडून रोजची कामे पुन्हा पुन्हा करून घ्यायची.

या पद्धतीची एक मोठी चाचणी २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण तीत सहभागी होते. उपचार-गटातल्या रुग्णांनी दोन आठवडे, जागेपणीचा सुमारे ९० टक्के वेळ चांगल्या हातावर मोजा घालावा आणि रोज दुबळ्या हाताचा कसून सराव करावा, असे ठरले होते. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत या गटाच्या हाताच्या वापरात लक्षणीय सुधारणा दिसली. मात्र मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता येतात अशांसाठीच ही पद्धत असते. घरच्या घरी चांगला हात बांधून ठेवण्याचा प्रयोग करू नये. त्यात तोल जाऊन पडण्याचा धोका आहे. या चाचणीतून प्रत्येक घराने घेण्यासारखी गोष्ट एवढीच की जे काम माणूस सावकाश का होईना स्वतः करू शकतो, ते त्याच्या हातून काढून घेऊ नये.

अर्धांगवायूनंतर व्यवसायोपचार घेतलेल्या रुग्णांमध्ये रोजची कामे स्वतः करण्याची क्षमता वाढते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांतून दिसले आहे. या चाचण्यांचा दर्जा सरसकट उत्तम नाही, हेही त्याच आढाव्यांत नोंदवलेले आहे. म्हणूनच चमत्काराची अपेक्षा नको. गेलेली ताकद पूर्णपणे परत येईलच असे नाही. पण ताकद जितकी उरली आहे तितक्यात किती काम साधता येते, हे बहुतेकदा घरच्यांच्या कल्पनेपेक्षा अधिक असते.

मुले: ‘आळशी’ म्हणण्याआधी

व्यवसायोपचाराकडे येणाऱ्यांत मुलांची संख्या मोठी असते. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, डाऊन सिंड्रोम, वाढीतला विलंब असलेली मुले त्यात असतात. शाळेत ‘हुशार आहे, पण लिहीत नाही’ असा शेरा मिळणारीही असतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला डब्याचे झाकण उघडत नाही, पेन्सिल इतकी घट्ट धरतो की दोन ओळींत हात दुखतो, शर्टाची बटणे आई लावते. त्याला आळशी म्हटले जाते. बोटांची ताकद, बसण्याची ढब, डोळे आणि हात यांचा मेळ यांपैकी नेमके काय कमी पडते हे तपासले तर मार्ग निघतो. कणीक मळणे, कपड्यांचे चिमटे लावणे, मणी ओवणे अशा खेळांतून तयारी करून घेता येते. बाकाची उंची बदलणे किंवा पेन्सिलला जाड पकड लावणे एवढ्यानेही कधी कधी फरक पडतो.

येथे पालकांनी एक सावधगिरी बाळगावी. संवेदनांवर आधारित उपचारांची, म्हणजे झोके, ब्रश, वजनदार जाकिटे यांची, अलीकडे बरीच चलती आहे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच असा सल्ला दिला होता की या उपचारांमागचा पुरावा मर्यादित आहे हे पालकांना सांगावे, उद्दिष्टे ठरवावीत आणि ठरावीक काळाने उपयोग होतो आहे का ते तपासावे. झोका वाईट नाही. पण सहा महिने झोके घेऊनही मुलाला स्वतःच्या हाताने जेवता येऊ लागले का, शाळेत अर्धा तास बसता येऊ लागले का, याचे उत्तर मिळायला हवे.

हात, मन आणि म्हातारपण

उसाच्या चरकात, मळणी यंत्रात किंवा कारखान्यातल्या प्रेसमध्ये सापडलेल्या हातावर शस्त्रक्रिया होते. तो हात पुन्हा कामाला लावणे ही पुढची लढाई. जखम भरताना बोटे आखडू नयेत म्हणून योग्य स्थितीत धरणारे स्प्लिंट तयार करणे, व्रण मऊ ठेवणे आणि मग कामावर लागणाऱ्या नेमक्या हालचालींचा सराव घेणे हे व्यवसायोपचारतज्ज्ञाचे काम असते. भाजलेल्या रुग्णांबाबतही हेच. संधिवात असलेल्यांना सांध्यांवरचा ताण टाळायला शिकवले जाते. ओले कपडे पिळण्याऐवजी नळाभोवती गुंडाळून दाबावेत, भरलेली कढई एका हाताने न उचलता दोन्ही हातांनी उचलावी किंवा ओट्यावरून सरकवावी, अशा त्या गोष्टी असतात.

मनोविकारांतही या शाखेचे स्थान जुने आहे. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात औषधांनी भास थांबतात, पण वेळेवर उठणे, अंघोळ करणे, चार माणसांत बसणे, पैसे मोजून वाणसामान आणणे हे आपोआप परत येत नाही. दिवसाची घडी पुन्हा बसवावी लागते. स्मृतिभ्रंशात उलटी बाजू असते. क्षमता कमी होत जाणार हे गृहीत धरून घर सोपे आणि सुरक्षित करायचे, आणि माणसाला अजून जे जमते, उदाहरणार्थ शेंगा सोलणे किंवा कपड्यांच्या घड्या घालणे, ते त्याच्याकडे राहू द्यायचे.

‘काहीतरी करत राहा, मन रमवा’ या घरगुती सल्ल्यापेक्षा हे अधिक काही आहे का, असा प्रश्न कुणालाही पडेल. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये स्वतंत्रपणे राहणाऱ्या ३६१ वृद्धांवर झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेमके हेच तपासले गेले. एका गटाला व्यवसायोपचारतज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळाले, दुसऱ्याला नुसते मनोरंजनाचे सामूहिक कार्यक्रम, तिसऱ्याला काहीच नाही. नऊ महिन्यांनी आरोग्य आणि जीवनमानाच्या अनेक निकषांवर पहिला गट सरस ठरला. नुसत्या वेळ घालवण्याने तो फायदा झाला नव्हता.

कुणाकडे जायचे?

उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारणे ही पहिली पायरी. मेंदूविकारतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडून शिफारस मिळू शकते. त्यांनी आपणहून सुचवले नाही तरी ‘यांना व्यवसायोपचाराचा उपयोग होईल का?’ असे स्पष्ट विचारावे.

मुंबईत केईएम, शीव आणि नायर या महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, तसेच नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण दिले जाते. तेथे बाह्यरुग्ण विभागही असतात. हाजीअली येथील केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था हे आणखी एक ठिकाण. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयातील पुनर्वसन किंवा फिजिओथेरपी विभागात चौकशी करावी. मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर वाढीतल्या अडचणींसाठी केंद्रे आहेत; तेथे कोणते तज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते आधी विचारून जावे. विशेष मुलांच्या शाळांनाही जवळच्या तज्ज्ञांची माहिती असते.

पात्रता पाहणे महत्त्वाचे. व्यवसायोपचार ही स्वतंत्र पदवी आहे. महाराष्ट्रात सहा महिन्यांची आंतरवासिता धरून साडेचार वर्षांचा हा अभ्यासक्रम चालत आला आहे. पाटीवर किंवा कागदावर बीओटीएच किंवा एमओटीएच अशी अक्षरे दिसतात. राज्यात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचारासाठी परिषद असून तिच्याकडे नोंदणी असते. २०२१ मध्ये या आणि इतर संलग्न आरोग्यसेवांसाठी केंद्रीय कायदाही झाला आहे. एखादी छोटी कार्यशाळा करून ‘थेरपिस्ट’ झालेल्यांपासून खरा तज्ज्ञ ओळखायचा तर पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये. विचारल्याचा राग येणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

पहिल्या भेटीत हे प्रश्न विचारावेत:

- आमच्या रुग्णासारख्या अडचणी असलेल्यांबरोबर आपण किती काळ काम करत आहात?
- पहिल्या काही आठवड्यांचे उद्दिष्ट काय, आणि ते साधले की नाही हे कसे कळेल?
- किती बैठका लागतील, एकीचा खर्च किती आणि आढावा केव्हा घेणार?
- घरी रोज काय आणि किती वेळ करायचे? ते लिहून द्याल का?
- घरात कोणते बदल करावेत? त्यांतले कमी खर्चाचे कोणते?

उत्तरे टाळली जात असतील, ‘शंभर टक्के बरे करू’ अशी हमी मिळत असेल, प्रत्येकाला तेच ते व्यायाम दिले जात असतील, किंवा पालकांना महिनोन्‌महिने दाराबाहेरच बसवले जात असेल, तर दुसरे मत घ्यावे.

तज्ज्ञ दूर असेल तर भेटीचा पुरेपूर उपयोग करून घ्यायला थोडी तयारी लागते. रुग्णाची संमती घेऊन तो उठतो कसा, जेवतो कसा, पायऱ्या चढतो कसा, याचे मोबाइलवर छोटे चित्रण करून न्यावे. संडासाच्या दाराची रुंदी, पलंगाची आणि उंबऱ्याची उंची मोजून लिहून न्यावी. दिवसभराची कामे तीन गटांत मांडावीत: स्वतः करतो ती, थोड्या मदतीने करतो ती आणि अजिबात करत नाही ती. एवढ्या माहितीवर एका भेटीतही महिनाभर पुरेल असा घरचा कार्यक्रम मिळू शकतो आणि मधला आढावा व्हिडिओ कॉलवर घेता येतो.

तोवर घरात

तज्ज्ञाची भेट मिळेपर्यंतही काही पथ्ये पाळता येतात. लुळा पडलेला हात धरून माणसाला ओढून उठवू नये; खांद्याला इजा होते. अर्धांगवायूनंतर गिळण्याची तपासणी डॉक्टरांकडून झाल्याशिवाय जेवणातले प्रयोग करू नयेत. अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अंघोळीच्या वेळी कुणीतरी हाकेच्या अंतरावर असावे. अचानक नवी अशक्तता आली, बोलणे अडखळू लागले किंवा चेहरा वाकडा झाला तर व्यायामाचा विचार न करता तडक रुग्णालय गाठावे.

आणि मदत करताना थोडे थांबावे. बटण लावायला दहा मिनिटे लागणार असतील तर दहा मिनिटे आधी उठवावे. चार बटणांपैकी दोन त्यांनी लावावीत, दोन दुसऱ्याने. पुढच्या आठवड्यात तीन आणि एक. सकाळच्या घाईत हे अवघड आहे, विशेषतः ज्या घरात सगळा भार एकाच बाईवर असतो तिथे. म्हणून दिवसातले एकच काम निवडावे, बाकीच्या कामांत मदत चालू ठेवावी आणि तो भार घरातल्या इतरांनीही उचलावा. सांभाळणाऱ्या व्यक्तीची पाठ आणि झोप हाही तज्ज्ञासमोर मांडण्याचा विषय आहे. माणसाला पलंगावरून खुर्चीत कसे बसवायचे याची योग्य रीत शिकली तर तिची कंबर वाचते.

रुग्णालयातून सुटी मिळताना औषधांची यादी आणि पुढच्या तपासणीची तारीख घरचे आठवणीने विचारून घेतात. त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारायला हवा: उद्या सकाळी हे तोंड कसे धुतील, कपडे कसे घालतील आणि जेवतील कसे, हे आम्हाला कोण दाखवणार? रुग्णालयात व्यवसायोपचार विभाग असेल तर त्या प्रश्नाने त्याचे दार उघडते. नसेल तर निदान कुठे जायचे याची चिठ्ठी हातात पडते, आणि शोध महिने वाया जाण्याआधी सुरू होतो.